ही कटकट ऐकाच!

वीकएण्डला पुण्याहून सायकलने पंढरपूर गाठायचा प्लॅन आहे? सही! तुकोबांच्या पालखी मार्गावर बारामती मागे पडली, की सणसर लागतं. आजूबाजूला ऊस, जवळच भवानीनगरचा साखर कारखाना. पण तिथवर शंभराहून जास्त किलोमीटर होतात बरं! त्यामुळे पायडल मारताना ‘कट-कट’ आवाज येत असेल, तर निघण्याआधीच थांबा.

क्रँक धरून आडवा हलवून बघा. हलतोय? मग एकतर त्याचा बोल्ट सैल आहे, नाहीतर दोन क्रँकना जोडणारा बी.बी. एक्सल किंवा त्याचे छर्रे झिजलेत. साध्या सायकलला नवे छर्रे-वाट्या आणि ग्रीस, की काम फत्ते. गिअरवाल्या सायकलचं सीलबंद कार्ट्रिज मात्र अख्खंच बदलावं लागतं आणि ते वाटेतल्या गावात मिळेलच असं नाही.

आता चेन. फूटपट्टीचा शून्य एका पिनवर ठेवा. तिच्यापुढची चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर हवी. १/१६ इंच पुढे गेली, तर चेन बदला. १/८ इंचावर गेली, तर मागची दातेरी चक्रंही गेलीच समजा. म्हणजे चेनवर वाचवलेले पैसे तिथे दुपटीने जाणार!

एरवी कटकट कुणालाच नको असते. सायकलची मात्र घरीच ऐकून घ्या.