गावच्या शाळेत शिक्षक कमी, मग पवित्र पोर्टलवर जागा का दिसत नाही?



वाशिम जिल्ह्यातल्या डी.एल.एड. आणि बी.एड. झालेल्या मुला-मुलींकडून मला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत ऐकायला मिळतो. "आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत चार वर्ग आहेत आणि शिक्षक दोनच. मी टीईटी पास आहे. मग जागा का निघत नाही?"

प्रश्न रास्त आहे. पण चार वर्गांना दोन शिक्षक म्हणजे तिथे दोन जागा रिकाम्या आहेत, असं कागदावर नसतं. गावाला दिसणारी कमतरता, सरकारी नोंदीतलं रिक्त पद आणि पवित्र पोर्टलवर जाहिरातीत येणारी जागा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीतून दुसरी कशी तयार होते ते समजलं, तर कुठल्या बातमीवर उड्या मारायच्या आणि कुठली सोडून द्यायची हे तुमचं तुम्हालाच कळेल.

वर्ग नाही, पट मोजतात

शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार पहिली ते पाचवीसाठी शिक्षक वर्गांच्या संख्येवर मिळत नाहीत, पटावर मिळतात. ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. म्हणजे चार वर्ग आणि एकूण ४५ मुलं असतील तर दोन शिक्षक ही कायद्याने पूर्ण भरलेली शाळा आहे! एक शिक्षक पहिली-दुसरी एकत्र बसवतो, दुसरा तिसरी-चौथी. मुलांचं नुकसान होतं का? माझ्या मते होतं. पण त्यातून नोकरीची जागा तयार होत नाही.

याच जिल्ह्यात दुसरं टोकही आहे. कारंजा तालुक्यातल्या गणेशपूरची जिल्हा परिषद शाळा जानेवारी २०२३ मध्ये देशभरच्या बातम्यांत आली होती. गावाची लोकसंख्या दीडशेच्या आसपास, शाळेत विद्यार्थी एक आणि शिक्षकही एक. तेव्हा "जिल्ह्यात शिक्षक कमी आहेत" हे एक वाक्य सगळ्या शाळांना सारखं लागू होत नाही.

तुमच्या शाळेची स्थिती फोनवर बघता येते. केंद्र सरकारच्या यूडायस प्लस या साइटवर 'नो युअर स्कूल' नावाचं पान आहे, त्याला लॉगिन लागत नाही. प्रत्येक शाळेचा ११ अंकी यूडायस कोड असतो. वाशिमच्या शाळांचा कोड २७०६ ने सुरू होतो, त्यातले २७ महाराष्ट्राचे आणि ०६ वाशिमचे. तिथे विद्यार्थी किती आणि शिक्षक किती ते दिसतं. वरचा हिशेब लावून बघा. एक लक्षात ठेवा, तिथे प्रत्यक्ष काम करणाऱ्या शिक्षकांचा आकडा असतो, मंजूर पदांचा नाही.

पट मोजतो तो संगणक

मंजूर पदं किती हे ठरवणाऱ्या प्रक्रियेला 'संचमान्यता' म्हणतात. दरवर्षी ३० सप्टेंबरचा पट धरून कुठल्या शाळेला किती शिक्षक मंजूर हे निघतं. आधी हजेरीपटावर आणि तपासणीवर भर होता. २०२२-२३ पासून आधार वैध ठरलेल्या विद्यार्थ्यांच्या संख्येवर संचमान्यता करायचं धोरण आलं. बोगस पट दाखवून पदं लाटण्याचे प्रकार राज्यात झाले होते, म्हणून हे आणलं.

इथे एक तांत्रिक गोष्ट आहे. 'आधार वैध' म्हणजे मुलाकडे आधार कार्ड आहे एवढंच नाही. शाळेने पोर्टलवर भरलेलं नाव, जन्मतारीख आणि लिंग हे आधारच्या नोंदीशी जुळलं पाहिजे. शाळेत जन्मतारीख १ जून आणि आधारवर १ जानेवारी असेल, किंवा आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये फरक असेल, तर नोंद अवैध दाखवते. मूल रोज वर्गात येतं, खिचडी खातं, पण पदाच्या हिशेबात अडकतं.

आता ६२ पटाची शाळा घ्या. दोन मुलांची नोंद जुळली नाही की आकडा ६० वर येतो आणि तिसऱ्या शिक्षकाचं पद जातं. तुमच्या संभाव्य नोकरीची एक जागा कुणाच्या तरी आधारवरच्या स्पेलिंगमुळे गायब होऊ शकते, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण हिशेब असाच चालतो. गावात तुमचा शब्द चालत असेल तर ऑगस्टमध्येच शाळेत जाऊन विचारा, किती मुलांचं आधार जुळायचं बाकी आहे. पालकांना आधार केंद्रावर घेऊन जाण्याचं काम फोन हाताळता येणारा पोरगा चांगलं करू शकतो.

रिक्त पद ते जाहिरात

समजा पद मंजूर झालं आणि माणूस नाही. तरी लगेच जाहिरात येत नाही. आधी इतर शाळांत पट घटल्यामुळे 'अतिरिक्त' ठरलेले शिक्षक तिथे बसवतात, याला समायोजन म्हणतात. बदलीने येणारे-जाणारे वेगळे. मग बिंदुनामावली, म्हणजे कुठलं पद कुठल्या प्रवर्गाचं याचा तक्ता. वाशिम जिल्हा परिषदेची बिंदुनामावली अमरावतीच्या विभागीय आयुक्त कार्यालयातल्या मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यावी लागते. त्यानंतर वित्त विभाग किती टक्के पदं भरायला परवानगी देतो ते बघायचं. २०२४ च्या फेरीत जिल्हा परिषदांच्या ८० टक्के रिक्त पदांना मान्यता होती, त्यातली १० टक्के रोखून ७० टक्क्यांचीच जाहिरात आली. म्हणून "जिल्ह्यात इतकी पदं रिक्त" अशी बातमी आली की तो आकडा जसाच्या तसा जाहिरातीत येईल असं धरू नका.

या वाटेत वर्षं जातात. २ मे २०१२ च्या शासन निर्णयाने राज्यात शिक्षक भरती थांबली. २३ जून २०१७ च्या निर्णयाने अभियोग्यता चाचणी (आपण टेट म्हणतो ती) आणि पवित्र पोर्टल आलं. पहिली टेट डिसेंबर २०१७ मध्ये झाली, तिच्यावरची निवड यादी ऑगस्ट २०१९ मध्ये लागली. दुसरी टेट फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये, यादी २५ फेब्रुवारी २०२४ ला. तिसरी मे-जून २०२५ मध्ये. पहिल्या आणि दुसऱ्या परीक्षेत पाच वर्षांहून जास्त अंतर! "पुढच्या वर्षी निघेल" यावर कुणी आपलं वय मोजत बसू नये, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

टीईटी आणि टेट, गोंधळ करू नका

टीईटी ही पात्रता परीक्षा. १५० गुणांपैकी खुल्या प्रवर्गाला ६० टक्के, म्हणजे ९० गुण लागतात. पेपर एक पहिली ते पाचवीसाठी, पेपर दोन सहावी ते आठवीसाठी. २०२१ मध्ये केंद्राने प्रमाणपत्राची सात वर्षांची मुदत काढून ते कायमस्वरूपी केलं, म्हणून जुनं प्रमाणपत्र फेकू नका.

टेट ही स्पर्धा. २०० प्रश्न, २०० गुण, १२० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद. १२० गुण अभियोग्यतेला, ८० बुद्धिमत्तेला. पास-नापास नाही, तुमच्यापुढे किती जण आहेत एवढंच. परीक्षा संगणकावर असते. फोनच्या ॲपवर बोटाने झरझर उत्तरं देणारे माउस हातात आला की पहिली दहा मिनिटं चाचपडतात. शेवटचे दोन-तीन आठवडे तरी कुणाच्या कॉम्प्युटरवर घड्याळ लावून सराव करा.

बी.एड. वाल्यांसाठी एक महत्त्वाचं. ११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की पहिली ते पाचवीला बी.एड. ही पात्रता चालणार नाही. तिथे डी.एल.एड.च लागेल. कॉलेजात ॲडमिशन घेताना हे कुणी सांगत नाही, तेव्हा फी भरायच्या आधी कुठल्या वर्गांना शिकवायचंय ते ठरवा.

आणि १ सप्टेंबर २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तुम्ही ऐकला असेल. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त बाकी असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी पास व्हायला सांगितलंय. त्यावरून "आता हजारो जागा रिकाम्या होणार" असे व्हिडिओ फिरतायत. त्यावर नोकरीचा बेत आखू नका.

प्राधान्यक्रम भरताना हुशारी नको

२०२४ च्या फेरीत राज्यात २१,६७८ पदांची जाहिरात होती. त्यातली १२,५२२ पदं ३४ जिल्हा परिषदांची. मुलाखतीशिवाय भरायची पदं १६,७९९ होती, पण पहिल्या यादीत शिफारस झाली ११,०८५ उमेदवारांची. बाकीच्या पदांना माणूस का मिळाला नाही? कारण पद नुसतं पद नसतं. माध्यम, विषय, प्रवर्ग आणि समांतर आरक्षण हे सगळं जुळणारा उमेदवार लागतो.

मुलाखतीशिवायच्या पदांसाठी पोर्टल ढोबळमानाने असं चालतं. गुणवत्तेच्या क्रमाने एकेक उमेदवार घेतो, त्याचा पहिला पसंतीक्रम बघतो, जागा शिल्लक असेल तर देतो, नसेल तर दुसरा बघतो. एका उमेदवाराला एकच शिफारस. यातून निघणारी गोष्ट बरेच जण उलटी समजतात. "वाशिमला जागा कमी आहेत, पहिला नंबर दिला तर वाया जाईल" असं नसतं. पहिला नंबर मिळाला नाही म्हणून दुसऱ्यावर तुमचा हक्क कमी होत नाही. मनापासून जिथे जायचंय ते वर ठेवा, बाकी खाली. जिथे कुठल्याही परिस्थितीत रुजू होणार नाही, ते टाकूच नका.

क्रम गंभीरपणे लावायचं आणखी एक कारण आहे. जून २०२३ च्या शासन निर्णयात नव्याने लागणाऱ्या शिक्षकांना आंतरजिल्हा बदली मिळणार नाही अशी अट आली. 'आधी लागू दे, मग बदली करून घेऊ' हा आपल्या मोठ्या भावांच्या पिढीचा हिशेब होता. अर्ज करताना बदलीचा चालू नियम वाचूनच पुढे जा. शिवाय पसंती जिल्हा परिषदेला असते, शाळेला नाही. वाशिम मिळालं तरी शाळा रिसोडची की मानोऱ्याच्या तांड्यावरची हे जिल्ह्यात समुपदेशनाच्या वेळी ठरतं.

यादी भरून झाली की 'लॉक' करा. नुसतं सेव्ह केलेला क्रम धरत नाहीत. फोनवरून करत असाल तर ब्राउझरमध्ये डेस्कटॉप साइट चालू करा आणि लॉक झाल्यावर पीडीएफ ठेवून घ्या. नेट कॅफेवाल्याच्या ईमेल आणि मोबाईल नंबरवर नोंदणी अजिबात नको, ओटीपी त्याच्याकडे जातो.

व्हॉट्सॲपवरचा जीआर खरा कसा ओळखायचा

खऱ्या शासन निर्णयावर १८ अंकी संगणक सांकेतांक असतो आणि त्याचे पहिले आठ अंक म्हणजे तारीख असते: वर्ष, महिना, दिवस. २३ जून २०१७ चा निर्णय असेल तर सुरुवात २०१७०६२३ अशी. पीडीएफवरची तारीख आणि हे अंक जुळत नसतील तर तिथेच थांबा. जुळत असतील तरी तो सांकेतांक महाराष्ट्र शासनाच्या साइटवर 'शासन निर्णय' मध्ये टाकून शोधा. सापडला तरच खरा.

'साइटच्या शेवटी गव्ह डॉट इन असेल तरच खरी' हा नियम इथे पुरत नाही. टीईटीची साइट महाटीईटी डॉट इन आहे, शिक्षक भरतीची ओआरजी डॉट इन वर आहे. त्यामुळे सर्चमधून किंवा फॉरवर्ड लिंकवरून नको, महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या मूळ साइटवरून किंवा शासनाच्या प्रसिद्धिपत्रकातल्या पत्त्यावरूनच जा.

पैशांचंही बोलूया, कारण गावागावात बोललं जातं. जानेवारी २०२० च्या टीईटीत गुण वाढवून घेतलेले सात हजारांहून जास्त उमेदवार नंतर पकडले गेले. २०२५ मध्ये नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडीचा घोटाळा बाहेर आला. शालार्थ ही शिक्षकांच्या पगाराची ऑनलाइन प्रणाली, आयडी नसेल तर सरकारी पगार निघत नाही. अनुदानित संस्थेत "इतके लाख द्या, मान्यता आणि आयडी आम्ही बघतो" असं कुणी म्हणालं, तर एकच विचारा, ही जागा पवित्र पोर्टलवर आहे का? संस्थांच्या मुलाखतीसह असलेल्या जागांनाही उमेदवारांची नावं पोर्टलवरूनच जातात. बापाचं दोन एकर विकून घेतलेली नोकरी चौकशीत गेली तर पैसे परत मागायला पावतीही नसते.

लागल्यावर पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. जानेवारी २०२३ पासून ते प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये आहे. आधी प्राथमिकला ६,००० होते. तेव्हा कोकणातला किंवा पुण्याकडचा जिल्हा प्राधान्यक्रमात टाकायच्या आधी १६ हजारांतून तिथलं खोलीभाडं, डबा आणि वर्षातून दोन-तीनदा वाशिमला यायचं भाडं वजा करून बघा.