संगणक आपोआप बंद पडतो तेव्हा

अर्धापूरचा उन्हाळा म्हणजे पारा ४० अंशांच्या पुढे. अशात मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरता भरता संगणक मधेच बंद होऊन पुन्हा सुरू होतो. दुरुस्तीवाला म्हणतो, मदरबोर्ड गेला! आम्ही म्हणतो, घामाचे पैसे मोजण्याआधी तो नेमका कधी बंद पडतो ते पाहा. शेजारची पिठाची गिरणी सुरू होऊन दिवा मंदावला की? मग २३० व्होल्टची वीज पुरती मिळत नाही, किंवा पॉवर सप्लाय थकला आहे. अर्ध्या तासाने, तापल्यावर? प्लग काढून पंख्यातली धूळ मऊ ब्रशने झाडा. कधीही, कसाही? रॅमची पट्टी काढून पुन्हा घट्ट बसवा. पॉवर सप्लायचा डबा मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात जीवघेणी वीज साठलेली असते.