लेखांक ७ : जखम किती खोल, की काम किती खोल?

गेल्या आठवड्यात निदानाचे कोड पाहिले. आज पाहू सर्जनने प्रत्यक्ष जे काम केले, त्याचे कोड. अमेरिकेत ते सीपीटी या संचातून येतात. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने तो १९६६मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केला. पुण्यात, नवी मुंबईत बसून तिथली बिले तयार करणारी आपली मुलेमुली रोज हेच कोड लावतात. खोल जखमांच्या डेब्रिडमेंटपाशी मात्र नवख्यांचा गोंधळ उडतो.

डेब्रिडमेंट म्हणजे जखमेतला मेलेला, सडलेला भाग कापून किंवा खरवडून काढणे. सर्वांत खोलचा कुठला थर काढला आणि किती क्षेत्रफळातला, यावर कोड ठरतो. त्वचेखालच्या चरबीपर्यंत गेले तर ११०४२, स्नायू किंवा त्याचे आवरण काढले तर ११०४३, हाड काढले तर ११०४४. प्रत्येकात पहिले २० चौ. सेंमी. धरलेले असतात. पुढच्या प्रत्येक २० चौ. सेंमी.साठी, किंवा उरलेल्या तुकड्यासाठी, अनुक्रमे ११०४५, ११०४६ आणि ११०४७ जोडायचे. नुसती त्वचा काढली असेल तर या मालिकेत यायचेच नाही. त्यासाठी ९७५९७ आहे.

आता खरी अडचण. टाचेच्या जखमेत तळाशी हाड दिसते आहे आणि डॉक्टरांनी नोटमध्ये ‘हाडापर्यंत खोल जखम’ असे लिहिले आहे. हात लगेच ११०४४कडे जातो. पण त्या दिवशी फक्त चरबी काढली असेल, तर कोड ११०४२च. हाड उघडे पडणे वेगळे, हाड काढणे वेगळे. क्षेत्रफळाचेही तेच. जखम ४० चौ. सेंमी. असली, पण त्यातली १८च साफ केली, तर १८च मोजायचे.

जखमा दोन असतील तर? पोटरीवर १२ आणि पावलावर १४ चौ. सेंमी., दोन्हीकडे चरबीपर्यंतच काम झाले, तर बेरीज २६ : ११०४२ एकदा, ११०४५ एकदा. पावलावर स्नायूही काढला असेल, तर बेरीज करायची नाही. ११०४३ आणि ११०४२ वेगवेगळे लागतात, आणि दुसरी जखम वेगळी आहे हे सांगायला बहुधा मॉडिफायर ५९ जोडावा लागतो.

जेवढे काम झाले तेवढ्याचाच कोड, हा नियम मला न्याय्य वाटतो, कारण चढवलेल्या कोडाची झळ रुग्णालाही बसते. मेडिकेअर या अमेरिकी सरकारी आरोग्यविम्याच्या पार्ट बीमध्ये वार्षिक वजावटीनंतर मान्य रकमेचा २० टक्के वाटा सहसा रुग्णाच्याच माथी येतो. उलट कमी खोलीचा कोड लावला, तर तासभर राबलेल्या सर्जनवर अन्याय होतो.

म्हणून काढलेला थर आणि साफ केलेले क्षेत्रफळ नोटमध्ये स्पष्ट सापडत नसेल, तर अंदाजाने कोड लावू नका. डॉक्टरांना लेखी क्वेरी पाठवा आणि उत्तर येईपर्यंत क्लेम थांबवा.