कोंबडी, मासा आणि मतपेटी

कोंबडीच्या पिंजऱ्याबद्दल लोकांना काय वाटते, हे कॅलिफोर्नियात मतपेटीतून कळले. अंडी देणाऱ्या कोंबडीला पंख पसरता यावेत, असा कौल २००८ मध्ये सुमारे ६३ टक्के मतदारांनी दिला. २०१८ मध्ये पुन्हा जवळपास तेवढ्यांनीच. माशांचा उल्लेख मात्र दोन्ही प्रस्तावांत नव्हता. ओरडू न शकणाऱ्या जिवाच्या वाट्याला कळवळा उशिराच येतो. भारताचा १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा त्या मानाने उदार : त्याच्या व्याख्येत माणूस सोडून प्रत्येक जिवंत प्राणी येतो, मासाही. तरी स्कूटरच्या हँडलला पाय बांधून उलट्या टांगलेल्या कोंबड्या आणि परातीत तोंड उघडत-मिटत पडलेला मरळ पाहून बाजारात सहसा कोणी थबकत नाही. या कायद्याने पहिल्या गुन्ह्यासाठी ठरवलेला दंड १० ते ५० रुपये.