पागेची पारख

सारोळ्याहून वीरकडे जाणाऱ्या रस्त्यावर भोंगवली लागतं. भोर तालुक्याचा हा पूर्वेकडचा, नीरेकाठचा पट्टा. पश्चिमेला रोहिडा-रायरेश्वराच्या डोंगरात मावळ, आणि मावळाची ख्याती पायदळाची. घोडा पळवायला जी मोकळी, कोरडी, टणक जमीन लागते ती या अंगाला, नीरा-भीमेच्या खोऱ्यांत. आज मात्र इथल्या पोराला घोडा दिसतो तो बहुधा दोन वेळा. एकदा वरातीत, बँडच्या तालावर पाय आपटताना. आणि एकदा दिवाळीनंतर, धनगरांचा वाडा हलतो तेव्हा. पाठीवर सगळं बिऱ्हाड, त्यावर कोंबड्या, करडं, कधी एखादं लेकरू, आणि बाजूने चालणारी बाई. यातल्या कुठल्याच घोड्यावर बसायला बाहेरच्या पोराला कुणी शिकवत नाही. शिकायचं तर महामार्ग धरून पुण्याच्या बाजूला जायचं, म्हणजे जाताना पन्नासेक किलोमीटर आणि येताना तेवढेच.

हौस मात्र वाढली आहे. सप्टेंबर 2023 मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या संघाने ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याकडून ठरावीक चाली करून घेण्याच्या प्रकारात, सुवर्णपदक जिंकलं. घोडेस्वारीत सोनं यायला 1982 च्या दिल्लीनंतर 41 वर्षं लागली. त्या चौघांच्या संघात मुंबईचा हृदय छेडा होता. कुणाला एनडीएचं स्वप्न असतं. खडकवासल्याला छात्राला घोड्यावर बसावंच लागतं हे त्याने ऐकलेलं असतं. कुणी शिवजयंतीच्या मिरवणुकीत घोड्यावरची मुलगी बघून आईच्या मागे लागतं. महाराष्ट्रात शिकवणाऱ्या जुन्या जागाही आहेत. मुंबईत महालक्ष्मीचा अमॅच्युअर रायडर्स क्लब 1942 चा. नाशिकचं भोसला मिलिटरी स्कूल 1937 मध्ये सुरू झालं आणि तिथली घोडेस्वारी आजही नावाजलेली आहे. तळेगाव दाभाड्याजवळ जापालूपसारखं स्पर्धा भरवणारं केंद्र उभं राहिलं. याखेरीज पुण्याभोवती फार्महाऊसच्या मागे, रिसॉर्टच्या कोपऱ्यात, चार घोडे बांधून ‘हॉर्स रायडिंग’ची पाटी लावलेल्या जागा आहेत. पाटी रंगवायला खर्च फार येत नाही. पोराला कुठे घालायचं हे ठरवणाऱ्या आईवडिलांची अडचण हीच, की मैदानावरून बघितलं तर सगळ्या जागा सारख्याच दिसतात: पांढरं कुंपण, लाल माती, टोप्या घातलेली मुलं.

मैदान बघून पागा कळत नाही. ती कळते घोडे थानावर असताना, म्हणजे स्वारी नसते त्या वीस-बावीस तासांत. आपल्याकडे हे फार पूर्वी नीट ओळखलेलं होतं. कृष्णाजी अनंत सभासदाने 1690 च्या दशकात जिंजीला राजारामांच्या सांगण्यावरून बखर लिहिली. त्यात शिवाजी महाराजांच्या पागेची रचना सांगताना तो बारगीर, हवालदार, जुमलेदार अशी उतरंड देतोच, पण आणखी एक गोष्ट नोंदवतो: पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. म्हणजे पाणी देणारा आणि खूर सांभाळणारा. तलवार कुणाकडे कोणती याचा हिशेब नाही, पण पाण्याचा आणि नालाचा आहे. साडेतीनशे वर्षांनंतर एखाद्या पागेत जाऊन पहिला प्रश्न विचारायचा झाला तर तो मला हाच वाटतो: तुमचा नालबंद कोण, आणि तो किती दिवसांनी येतो? पाच-सहा, फार तर आठ आठवडे हे समाधानकारक उत्तर. ‘नाल पडला की बोलावतो’ असं कुणी म्हणालं, तर चहा घेऊन निघावं.

दुसरा कागद चिपळूणजवळच्या हलवर्णच्या छावणीला गेलेलं शिवाजी महाराजांचं पत्र. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, या अर्थाने ते सगळ्यांना माहीत असतं. पण ते पत्र मुळात घोड्यांच्या वैरणीबद्दल आहे, आणि हे आपण विसरतो. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि गवत आत्ताच मनमानी उधळलंत तर पुढे मिळणार नाही, घोडी मरतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल, असा त्याचा रोख. मग आगीची काळजी. कुणी चूल पेटवेल, कुणी तंबाखू ओढेल, कुणी दिवा जळता ठेवून झोपेल, उंदीर जळती वात ओढून नेईल, गवताच्या गंजीला लागेल. एकदा गवत जळालं की पागा गेली. राज्य उभारणारा माणूस उंदराने पळवलेल्या वातीपर्यंत विचार करतो. शहराजवळच्या पागेत गेल्यावर म्हणून वैरणीची खोली बघावी. कडबा, सुकं गवत बुरशी न येता, ओलीपासून वर उचललेलं आहे का? घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार तिथेच विडी ओढतो का? वायरी उघड्या लोंबतायत का? पुढची पंधरा दिवसांची वैरण दिसत नसेल, तर तिथे फीच्या पैशांवर आजचा दिवस निघतो असं समजायला हरकत नाही.

घोड्याचं पोट हा वेगळाच प्रकार आहे. एवढा मोठा प्राणी, पण जठर लहान. म्हणून त्याला दिवसभर थोडं थोडं चघळायला लागतं, मोकळा सोडला तर तो दिवसाचे पंधरा-सोळा तास चरतो. शिवाय त्याला ओकता येत नाही. चुकीचं काही खाल्लं, एकदम जास्त चंदी खाल्ली, पाणी कमी पडलं, की पोटशूळ उठतो, आणि घोडा मरतो तो बऱ्याचदा यानेच. दोन वेळा हरभरा टाकून मधले दहा तास रिकामी गव्हाण ठेवणारी पागा वाईट हेतूची असेलच असं नाही, पण तिला घोडा कळलेला नाही. अशा घोड्यांची ओळख पटते: दाराची लाकडं चावून खाल्लेली असतात, मान सारखी डावी-उजवी झुलत असते, माणूस जवळ आला की कान मागे पडतात.

खूर उचलून दाखवा म्हणायला लाजू नये. पावसाळ्यात, चिखलात उभं राहून, खुराच्या तळाची मऊ भेग सडते आणि काळपट, घाण वासाचा स्राव येतो. तो वास एकदा नाकात गेला की परत ओळखायला चूक होत नाही. म्हणून पागा बघायची तर जून-जुलैत. उन्हाळ्यात सगळ्याच जागा कोरड्या आणि बऱ्या दिसतात. सभासदाच्या बखरीतही लष्कर पावसाळ्यात छावणीला येतं, घोड्यांसाठी घरं गवताने शाकारून, दाणा आणि औषधं तयार ठेवलेली असतात, आणि दसऱ्यानंतरच कूच होतं. चिखलावर ताडपत्री टाकून जुलैत ‘बॅच चालू’ ठेवणाऱ्यांनी ते वाचलेलं नसावं.

घोडा कोणता, हा त्यानंतरचा प्रश्न, आणि यात पुण्याची एक खास भानगड आहे. पुण्यात शर्यतींची परंपरा जुनी; रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबचा पुण्याचा हंगाम पावसाळ्यात असतो. शर्यतीतून बाद झालेले थरोब्रेड स्वस्तात मिळतात, म्हणून बऱ्याच शिकाऊ पागांत तेच दिसतात. देखणा प्राणी, लांब पाय, पातळ कातडी. पण त्याला लहानपणापासून एकच गोष्ट शिकवलेली असते: समोर मोकळी जागा दिसली की पळ. त्याला पुन्हा घडवायला महिने लागतात, आणि ते घडवणारा जाणता चाबुकस्वार प्रत्येक ठिकाणी असतोच असं नाही. नवख्या पोराखाली असा घोडा देऊन ‘घाबरू नको, शांत आहे’ म्हणणाऱ्याला विचारावं, शर्यतीतून आल्यावर याच्यावर कुणी, किती दिवस काम केलं?

त्याऐवजी आपल्याकडे भीमथडी आहे. भीमा-नीरेच्या खोऱ्यातलं, बुटकं, टणक खुरांचं, थोडक्यावर जगणारं तट्टू. राज्यगीत झालेल्या ‘जय जय महाराष्ट्र माझा’त त्याचा उल्लेख आहे, तरी ते कुठे गेलं हे बराच काळ कुणी विचारत नव्हतं. ते गेलं कुठेच नव्हतं, धनगरांच्या वाड्याबरोबर वीर-परिंच्याच्या आसपास चालत होतं. करनालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने अलीकडे भीमथडीची घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. मुलांना शिकवायला इतकं सोयीचं जनावर हाताशी असताना शिकाऊ पागांत ते क्वचित दिसतं. त्याला उंची नाही, फोटोत रुबाब येत नाही. दहा वर्षांच्या पोरीसाठी मात्र उंची कमी असणं हीच त्याची मोठी लायकी, कारण पडणं ठरलेलंच असतं.

पडणं टाळता येत नाही, पण पहिल्या दिवशी कसं शिकवतात यावर ते बरंच अवलंबून असतं. चांगला उस्ताद पोराला आधी घोड्याजवळ उभं करतो. मागून जायचं नाही, कारण घोड्याला जवळजवळ चहूबाजूंनी दिसतं पण शेपटीमागचं आणि थेट नाकासमोरचं दिसत नाही; खांद्याकडून, बोलत बोलत जायचं. खरारा करायला लावतो. तंग कसा आवळतात, रिकिबीची लांबी हाताने कशी मोजतात हे दाखवतो. मग लांब दोरीवर घोडा गोल फिरवतो, दोरी त्याच्या हातात, आणि पोराच्या हातात लगामही देत नाही. आधी मांड पक्की व्हायला हवी. मांड नसताना लगाम दिला की शिकाऊ माणूस तोल सावरायला लगाम ओढतो, म्हणजे घोड्याच्या तोंडातली कडी ओढतो, आणि मग घोडा जे करतो त्याला लोक ‘बिथरला’ म्हणतात. पहिल्याच तासाला दुडकी आणि तिसऱ्याला चौखूर उधळायला लावणारी जागा ही करमणूक आहे, शाळा नाही.

इथे खेड-जुन्नरकडच्या बैलगाडा शर्यतींच्या घाटातली पोरं आठवतात. गाड्यापुढे घोडी धरून, बऱ्याचदा खोगिराविना, जी भरधाव सुटतात, त्यांची मांड बघून कुठल्याही उस्तादाने टोपी काढावी. हात मात्र कडक असतात त्यांचे, आणि डोक्यावर काही नसतं. त्यांतल्या दोन-चार जणांना कुणी नीट शिकवलं, तर मला नाही वाटत हांगझो फार लांब राहील. पण पागांची फी ज्या वर्गासाठी ठरते, तो वर्ग घाटात येत नाही, आणि घाटातला मुलगा पांढऱ्या कुंपणाच्या आत येतो तो बहुतेक मोतद्दार म्हणून.

मोतद्दाराशी बोलल्याशिवाय मात्र परतू नये. मालक घोड्यांची नावं आणि बक्षिसं सांगतो. मोतद्दाराला कोणाचा मागचा पाय कधीपासून दुखतोय हे माहीत असतं. ‘हा चावतो का?’ असं त्याला विचारावं. ‘नाय, एकदम गरीब’ यापेक्षा ‘दाणा खाताना जवळ गेलात तर चावेल, एरवी नाय’ हे उत्तर कितीतरी विश्वासाचं. एका माणसाकडे दहा-बारा घोडे असतील, तर खरारा रोज होत नाही, हे हिशेबाने कळतं. त्याची राहायची खोली दिसली तर तीही बघावी. घोड्याला पंखा आणि माणसाला पत्रा, अशी व्यवस्था काही ठिकाणी असते, आणि तिथे माणसं टिकत नाहीत.

हेल्मेट घोडेस्वारीचंच हवं, हनुवटीखाली पट्टा आवळता येणारं; दुचाकीचं किंवा क्रिकेटचं चालत नाही. बुटाला टाच हवी, नाहीतर पाय रिकिबीतून आरपार जातो आणि पडलेलं पोर घोड्यामागे फरफटतं. धनुर्वाताची लस झालेली हवी, घोड्याचीही आणि स्वाराचीही. तबेल्याच्या मातीत त्याचे जंतू असतातच.

डॉक्टर कोण येतो, हेही विचारून ठेवावं. गावोगावचे पशुवैद्य गाई-म्हशींत तरबेज. घोड्याचा पोटशूळ रात्री दोनला उठला तर वेगळाच हात लागतो. भोंगवलीकराला या बाबतीत जवळचा आधार आहे: नीरा ओलांडली की शिरवळ, आणि तिथे 1988 पासून क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय. उद्या नीरेकाठी कुणी भीमथडीची शिकाऊ पागा काढली, तर डॉक्टर पुण्यातल्या कित्येक पागांपेक्षा जवळ असेल. जमीन आहे, ज्वारीचा कडबा आहे, तट्टू आहे. काढलेली नाही, एवढंच.

तोवर हिशेब असा. शाळा सांभाळून आठवड्याला एक रविवार, जाऊन-येऊन निम्मा दिवस. आठवड्याच्या एका तासात मांड हळू बसते, पण बसते. मे महिन्यातली दहा दिवसांची शिबिरं स्वस्त आणि सोयीची वाटतात. तिथे घोडा दिवसातून किती वेळा, किती वाजेपर्यंत उन्हात काढतात हे विचारून मगच नाव घालावं. पहिला तास पैसे देऊन एकटा घ्यावा, सहा महिन्यांची फी आधी भरू नये. आणि वडिलांना फोटोपुरतं बसायचं असेल तर साधा नियम आहे: स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत. अडीचशे किलोच्या तट्टावर पन्नास किलो. वजनकाट्यावर नव्वद दाखवणाऱ्या गृहस्थाला जी पागा ‘साहेब, तुम्ही खाली उभे राहून फोटो काढा’ असं सांगते, तिथे मुलीचं नाव घालायला हरकत नाही.