पेशी गप्प झाली म्हणजे मेली का?

पुस्तकात ज्याला पक्षाघात म्हणतात, त्याला आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे 'लकवा मारला' म्हणतात. गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेने ८६ गावांतल्या मृत्यूंची दोन वर्षं नोंद ठेवली. २०१५ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. दर सात मृत्यूंत साधारण एक लकव्याचा निघाला, आणि त्यातली बहुतेक माणसं घरीच गेली.

मग मेंदूत घडतं काय? मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण प्राणवायू लागतो वीस टक्के. साठा जवळजवळ नाहीच. रोज आणायचं, रोज खायचं, असं हे घर. त्यामुळे एक रक्तवाहिनी गुठळीने तुंबली की तेवढ्या भागाचं काम थांबतं. तोंड वाकडं होतं, हात लुळा पडतो, जीभ अडखळते.

आता नीट बघा. शंभर ग्रॅम मेंदूला मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर रक्त मिळतं. ते २० च्या आसपास आलं की पेशी संदेश पाठवणं बंद करते, पण मरत नाही. उरलेली ऊर्जा ती आत शिरणारं सोडियम बाहेर काढण्यात खर्च करते. पुरवठा १० च्या खाली गेला की तोही पंप बंद पडतो. सोडियम, कॅल्शियम, पाणी आत घुसतं, पेशी फुगते आणि मरते. मध्यभागी हे काही मिनिटांत होतं. भोवतीच्या पट्ट्याला मात्र शेजारच्या वाहिन्यांतून थोडं रक्त मिळत राहतं. तिथल्या पेशी गप्प असतात, पण जिवंत. १९८१ मध्ये शास्त्रज्ञांनी या पट्ट्याला ग्रहणातला शब्द दिला: उपच्छाया.

न्यायशास्त्रात एक जुनं उदाहरण आहे. धूर दिसला तर अग्नी आहे. पण धूर नाही म्हणून अग्नी नाही, असं म्हणता येत नाही. तापून लाल झालेला लोखंडी गोळा आठवा. हात हलत नाही, एवढ्यावरून पेशी मेली असं ठरवणं ही तीच चूक आहे.

मात्र ही पेशी फार वेळ थांबत नाही. गुठळी विरघळवणारं औषध साधारण पहिल्या साडेचार तासांतच देतात, तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे पाहून. आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद! पेशीचा सगळा वेळ वाटेतच संपतो. म्हणून रस्ता, गाडी आणि जवळचा दवाखाना हेसुद्धा मेंदूचेच प्रश्न आहेत.

कधी गुठळी आपोआप विरते. वीस मिनिटांत हात पुन्हा चालू लागतो. घरचे म्हणतात, "गेलं बाप्पा, बरं झालं." घात होतो तो इथेच. असा झटका ही मोठ्या झटक्याची सूचना असते, आणि धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वांत जास्त असतो. हात चालू लागला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. एरवीही रक्तदाब मोजत जा, कारण लकव्याचं सर्वांत मोठं कारण तेच आहे. आणि तोंड वाकडं दिसलं तर मालीश करत बसू नका, १०८ ला फोन करा.

एवढं बोलून थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.