यंत्राने दिलेला दाखला

२०२५च्या दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट. माझा पुतण्या अकोल्याला वकिली करतो. सनद मिळून त्याला पाच वर्षेही झालेली नाहीत. मी राहतो अमरावतीला. पण बँकेतल्या नोकरीची बरीच वर्षे अकोल्यात गेली, त्यामुळे महिन्यातून एखादी फेरी होतेच. त्या दिवशी त्याच्या कचेरीत पोचलो तेव्हा बाकावर मूर्तिजापूर तालुक्यातला एक शेतकरी बसला होता. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत बँकेचा मेमो.

भाव चढेल या आशेने त्याने कापूस घरात साठवला होता. पेरणीसाठी पैसा हवा म्हणून अखेर जूनमध्ये विकला. व्यापाऱ्याने पुढल्या तारखेचा चेक दिला. ‘आज टाकू नका, उद्या टाकू नका’ करीत सप्टेंबर उजाडला, आणि चेक बँकेत टाकला तेव्हा खात्यात पुरेशी शिल्लक नाही म्हणून परत आला. मेमो हाती पडून त्या दिवशी सव्वीस दिवस झाले होते.

आयुष्यभर असे मेमो लिहिण्यात गेल्याने माझे बोट आपोआप तारखा मोजू लागले. म्हटले, “नोटीस गेली का रे?”

“काकाजी, घाई नाई. दिवाळी झाल्यावर पाठवतो. शेतकऱ्याले तीस दिवसांच्या जागी पंचेचाळीस दिवस भेटते. नागपूर खंडपीठाचा निकालच हाये.”

त्याने कागद पुढे केला. दोन्ही पक्षकारांची नावे, साल, ग्रंथाचा खंड, पान क्रमांक. भाषा अगदी न्यायमूर्तींची. मी विचारले, “हा निकाल तू वाचलास?”

तो जरा घुटमळला. “मशीननं सांगतलं, काकाजी.”

वाचकहो, चेकचा हा कायदा बँकेच्या कारकुनालाही पाठ असतो. १८८१च्या परक्राम्य संलेख अधिनियमात १९८९ साली कलम १३८ लागू झाले. बँकेकडून चेक परत आल्याची खबर मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस द्यायची. ती मिळाल्यावर समोरच्याला पैसे भरायला पंधरा दिवस. त्याने ते भरले नाहीत तर पुढल्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार. तक्रारीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफी मागता येते. नोटिशीच्या उशिराला मात्र कायद्याने अशी माफी ठेवलेली नाही. चेकची तीन महिन्यांची मुदतही तोवर उलटली होती; म्हणजे तो पुन्हा बँकेत टाकून नवी तारीख मिळवण्याची वाटही बंद. पंचेचाळीस दिवसांच्या भरवशावर बसलो असतो, तर हे प्रकरण न्यायालयाच्या दारातच मेले असते.

आम्ही तो निकाल शोधला. उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर नाही, ग्रंथात नाही. ग्रंथाचा खंड खरा होता. पण त्या पानावर भलत्याच जमिनीचा तंटा होता. असा निकाल कोणी दिलेलाच नव्हता.

त्या क्षणी मला यंत्राचा राग आला नाही. उलट त्याची खोड ओळखीची वाटली. मी कादंबऱ्या लिहितो. खोटा माणूस खरा वाटावा म्हणून त्याला गाव द्यायचे, साल द्यायचे, त्याच्या अंगणात लिंबाचे झाड लावायचे, ही आमची जुनी युक्ती. हे यंत्रही कोट्यवधी मजकूर वाचून, कोणत्या शब्दामागे कोणता शब्द शोभेल याचा हिशेब करीत लिहिते. जे शोभते ते खरे असेलच असे नाही. कादंबरी उघडणाऱ्याला ती कल्पित आहे हे ठाऊक असते. न्यायालयाला दिलेल्या कागदाबद्दल न्यायाधीशांचा समज नेमका उलटा असतो.

पुतण्याला तरी एकट्याला काय म्हणावे! न्यूयॉर्कमध्ये एका विमानप्रवाशाच्या गुडघ्याला खाद्यपदार्थांची गाडी लागली म्हणून दावा झाला. त्याच्या वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले सहा निकाल न्यायालयापुढे ठेवले. त्यांतल्या एका वकिलाला तीस वर्षांचा अनुभव होता. हे निकाल खरे आहेत ना, असे त्याने यंत्रालाच विचारले आणि यंत्राने ‘हो’ म्हटले. साक्षीदार खोटा नाही ना, याची खात्री त्याच साक्षीदाराकडून करून घेण्यातला हा प्रकार! जून २०२३ मध्ये न्यायालयाने त्यांना पाच हजार डॉलर दंड केला.

आपल्याकडेही हे लोण आले आहे. आमच्या गोष्टीच्याच महिन्यात, ऑक्टोबर २०२५ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने आयकराचा एक आकारणी आदेश रद्द केला; त्यात अस्तित्वातच नसलेल्या निकालांचा आधार घेतला होता. यंत्राच्या उत्तरावर डोळे मिटून विसंबू नका, आधी पडताळून पाहा, असे न्यायालयाने बजावले. त्याच वर्षी मार्चमध्ये नैरोबीच्या परिषदेत न्यायमूर्ती भूषण गवई यांनी हाच धोका सांगितला होता. आमच्या अमरावतीत जन्मलेले, इथेच शिकलेले गवईसाहेब पुढे मे महिन्यात सरन्यायाधीश झाले, म्हणून ही बातमी इथे जरा अधिकच आपुलकीने वाचली गेली. यंत्र झटपट शोधून देते, पण मूळ आधार खरा की खोटा हे माणसासारखे पारखू शकत नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

तर मग यंत्र फेकून द्यायचे काय? मुळीच नाही. ऐंशीच्या दशकाअखेर बँकेत खतावणीची यंत्रे आली तेव्हा आम्हीही नाके मुरडली होती. पुढे त्यांच्यावाचून हात चालेना. पण एकदा एका देशमुखांची रक्कम दुसऱ्या देशमुखांच्या खात्यात जमा झाली. वऱ्हाडातल्या शाखेत देशमुखांना काय तोटा! कागद छापील, स्वच्छ, बेरीज बिनचूक. फक्त माणूस चुकीचा. आमचे हेडकॅशियर म्हणाले, “छापलं म्हणजे खरं झालं नाही, साहेब. टिक कोणी केली ते सांगा.” एकाने लिहायचे, दुसऱ्याने तपासायचे आणि सही करणाऱ्याने जबाबदारी घ्यायची, हा बँकेचा नियम यंत्र आल्यावरही बदलला नाही.

न्यायालयांनीही हाच मार्ग धरला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये निकालांच्या भाषांतरासाठी ‘सुवास’ ही यंत्रणा आणली. तिच्यामुळे निकाल मराठीतही येऊ लागले. पण ही भाषांतरे पक्षकाराला समजावीत एवढ्यापुरती. अधिकृत मजकूर इंग्रजीच मानला जातो. न्यायाधीशांना कागदपत्रांच्या ढिगातून वाट काढता यावी म्हणून एप्रिल २०२१ मध्ये ‘सुपेस’ आले, ते आपल्या नागपूरच्या सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या काळात. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी धोरणच आखले: निर्णय यंत्राने घ्यायचा नाही, भाषांतर माणसाने तपासायचे आणि यंत्र कुठे वापरले याची नोंद ठेवायची.

वकिलाने आणखी एक पथ्य पाळायला हवे. अशिलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट वकिलाच्या पोटात राहावी, असा कायदाच आहे. तीच गोष्ट नाव, खाते क्रमांक, सातबारा यांसकट परक्या यंत्राच्या स्वाधीन केली तर ती कुठे साठते, हे त्या शेतकऱ्याला कोण सांगणार? शिवाय यंत्राने जुनी पुस्तकेही वाचलेली असतात. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फसवणुकीचे चारशे वीस आता तीनशे अठरा झाले. यंत्राच्या बोलण्यात मात्र जुने कलम केव्हा डोकावेल, याचा नेम नाही.

आणि आपण घरची माणसे? वकिलाकडे जाण्याआधी मोबाइलला सल्ला विचारायची सवय घरोघरी लागली आहे. विचारावे, पण मुदत आणि दाखला या दोन गोष्टी माणसाकडून तपासून घ्याव्यात. ‘साहेब, हा निकाल तुम्ही वाचला का?’ असे वकिलाला विचारण्यात उद्धटपणा नाही. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल २०२३पासून ‘ई-एससीआर’ वर फुकट पाहायला मिळतात.

आमच्या नोटिशीचे सांगायचे राहिले. पुतण्याने दुपारचा डबा बाजूला सारला आणि स्वतः मसुदा लिहिला. मी तारखा, रक्कम, चेक क्रमांक मेमोशी ताडून पाहिले. सारे ऐकत बसलेल्या शेतकऱ्याने तेवढ्यात विचारले, “काहो वकीलसाहेब, मशीन चुकलं तर कोर्टात उभं कोन रायते?”

पुतण्या म्हणाला, “मीच, भाऊ.”

संध्याकाळपूर्वी स्पीड पोस्टाची पावती हातात आली. पंधरा दिवसांत व्यापाऱ्याने पैसे दिले नाहीत. तक्रार मुदतीत दाखल झाली आहे. निकाल लागायचा तेव्हा लागेल. परवा अकोल्याला गेलो तर पुतण्याच्या टेबलावर एक जाड वही दिसली. पानावर मधोमध रेघ मारून दोन रकाने केलेले. डावीकडे ‘यंत्राने सांगितले’, उजवीकडे ‘मी वाचले’. उजव्या रकान्यात खूण झाल्याशिवाय कागदावर सही करायची नाही, असे त्याने ठरवले आहे. मी वही चाळली. डावीकडच्या तीन दाखल्यांपुढे उजवा रकाना अजून कोरा होता. ते कागद टेबलावरच पडून होते.